ढकललं की उलटा रेटणारा टायसन

तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून कुत्र्यांची जेवणं उरकून आता रात्री लिहायला बसले आहे. आधी मला काय समजलं ते सांगते, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

टायसन, नर रॉटवायलर, १६ महिने, ४६ किलो. (माझ्याकडे शिकायला आलेल्यांतला हा बहुधा सहावा टायसन.) सांगलीजवळ शेतातलं घर, आजूबाजूला ऊस. वर्षाचा असताना एका ट्रेनरकडे २१ दिवस ठेवला होता. तिथून आलेल्या व्हिडिओंत बसतो, आडवा होतो, पायाला लागून चालतो. घरी आल्यावर आठवडाभर बरा वागला आणि मग मूळ पदावर आला. आता 'बस' म्हटलं की तुमच्याकडे बघतो, विचार करतो, मन झालं तर बसतो. मोकळा सोडला की हाकेला येत नाही, दहा फुटांवर उभा राहून मजा बघतो. चेंडू तोंडात गेला की सुटत नाही. आणि गेल्या महिन्यात वडिलांनी कंबरेवर दाबून बसवायला बघितलं तेव्हा गुरगुरला. तुम्हाला त्याला ओबिडियन्सच्या, म्हणजे आज्ञापालनाच्या स्पर्धेत उतरवायचंय, जमलं तर पुढे आयजीपी (माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण अशा तीन भागांची परीक्षा). प्रश्नाचं शेवटचं वाक्य : "याचा हट्ट मोडायचा कसा?"

मोडू नका. मोडता येतो, तसं करणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्या हातातली कुत्रीही पाहिली आहेत. शेपूट पायांत, कान मागे, हुकूम होताच खाली. असं कुत्रं घरात त्रास देत नाही हे खरं, पण मैदानावर परीक्षक त्याच्याकडे पाच मिनिटं बघतो आणि गुण कापत जातो, कारण स्पर्धेत नुसतं बसणं मोजत नाहीत, कसं बसला तेही मोजतात. चेंडू न सोडण्यामागे जो जोर आहे तोच तुम्हाला पुढे लागणार आहे.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण माझी सगळी पद्धत तिच्यातून आलेली आहे. माझं वजन ५१ किलो. वीस वर्षांपूर्वी या धंद्यात आले तेव्हा आजूबाजूचे सगळे दणकट पुरुष होते, एका झटक्यात कुत्रं जमिनीवर आणणारे. मला ते अंगानंच शक्य नव्हतं. पहिल्या वर्षी एका डोबरमनने मला नांगरासारखं मैदानभर ओढलं. त्यामुळे कुत्र्यालाच माझ्याबरोबर काम करावंसं वाटेल अशी व्यवस्था करण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. पुढे लक्षात आलं की दणकट माणसांनाही तेच करावं लागतं, फक्त त्यांना ते उशिरा कळतं.

आता मुद्द्याकडे येते. तुम्ही चार तक्रारी एका शब्दात बांधल्या आहेत : हट्टी. मला त्या चार वेगळ्या दिसतात, आणि त्यांतली एक कदाचित स्वभावाचीच नाही.

गुरगुरण्यापासून सुरुवात करते. वडिलांनी हात कुठे ठेवला होता? कंबरेवर, आणि खाली दाबलं. जो कुत्रा हळू बसतो, विचार करून बसतो आणि कंबर दाबल्यावर गुरगुरतो, त्याचा मी आधी एक्स-रे काढून घेते. रॉटवायलरमध्ये खुब्याचे आणि कोपराचे सांधे नीट न बसण्याचा दोष बऱ्यापैकी आढळतो, आणि वेगानं वजन वाढणाऱ्या नरांमध्ये तो याच वयात डोकं वर काढतो.

हे मी शहाणपणानं शिकलेले नाही. माझा स्वतःचा पहिला रॉटवायलर, राजा, असाच 'आळशी' बसायचा. दोन्ही मांड्यांवर सरळ न बसता एका बाजूला कलायचा, पाय बाहेर काढून. मला वाटलं, अंगचोर आहे. रोज उठ-बस, उठ-बस, चाळीस-चाळीस वेळा करून घेतली. उलट्या दिशेला भिंत ठेवून सरळ बसायला लावलं. वीस महिन्यांचा असताना एका डॉक्टरांनी दुसऱ्याच कशासाठी तपासताना मागचा पाय मागे ओढून बघितला आणि राजानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एक्स-रेत दोन्ही खुबे खराब निघाले. मी सहा महिने त्याला दुखरी गोष्ट करायला लावत होते आणि वर त्यालाच नाव ठेवत होते. नंतर आठवलं की तो सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम टाकून धावायचा आणि सकाळी उठताना वेळ घ्यायचा. सगळं डोळ्यासमोर होतं.

म्हणून पहिलं काम हे : टायसनला डॉक्टरांकडे न्या, खुबे आणि कोपर दोन्हींचे एक्स-रे काढायला सांगा. पायांची स्थिती नेमकी मिळाली तरच चित्र खरं येतं, त्यासाठी बहुतेक वेळा गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं. त्याला घाबरू नका, पण गुंगी न देता चौघांनी धरून काढलेल्या एक्स-रेवर विसंबूही नका. दोष निघाला तर उड्या मारण्याचे प्रकार बाद, वजन उतरवायचं, आणि कोणता खेळ झेपेल ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. माग काढणं, म्हणजे ट्रॅकिंग, अशा कुत्र्यांना पुष्कळदा जमतं. पुढचं सगळं मी सांधे ठीक आहेत असं धरून लिहिते.

त्या गुरगुरण्याबद्दल आणखी एक. त्यासाठी त्याला शिक्षा केली असेल तर पुन्हा करू नका. गुरगुरणं म्हणजे त्यानं दात लावण्याआधी दिलेली सूचना आहे. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात येतात, आणि ४६ किलोच्या रॉटवायलरचा जबडा म्हणजे चेष्टा नव्हे. वडिलांना सांगा, कंबरेला हात लावून बसवणं आजपासून बंद. दुसऱ्या कुठल्या प्रसंगी, म्हणजे जेवणाच्या भांड्याजवळ, झोपलेला असताना किंवा घरातल्या मुलांवर तो गुरगुरला असेल, तर ते लिहून सुटणारं काम नाही. प्रत्यक्ष कुणीतरी येऊन पाहायला हवं. तोवर जाळीची मुसकी घालायची सवय लावा, आत खाऊ देऊन, म्हणजे तो स्वतः तोंड घालेल.

आता सांधे चांगले आहेत असं समजू. तरीही कंबर दाबल्यावर तो उलटा जोर लावणारच, आणि त्याचं कारण त्याच्या रक्तात आहे. रोटवाइल हे दक्षिण जर्मनीतलं जुनं गाव, तिथल्या खाटकांची ही कुत्री. गुरांचे कळप हाकत बाजाराला नेणं आणि परतताना मालाची गाडी ओढणं हे त्यांचं काम. अडून बसलेल्या बैलाला छाती लावून रेटणारं कुत्रं पिढ्यान्पिढ्या निवडलं गेलं. आगगाडीनं गुरं जाऊ लागली तेव्हा हे काम संपलं आणि जात मागे पडली. मग पोलिसांनी ती उचलली : १९१० साली जर्मनीत तिला अधिकृतपणे पोलिसी कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे दाब आला की माघार न घेता पुढे सरकणं हाच ज्याचा गुण म्हणून जपला गेला, त्याला तुम्ही दाबून बसवताय. तुमच्याकडे बैल असतील तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. अडलेल्या बैलाशी ओढाताण करून कुणी जिंकलंय का?

पट्ट्याचंही तसंच. तुम्ही ताणून धरलं की तो पुढे झुकतो. दोरी ढिली ठेवायची, ताण आला की जागच्या जागी थांबायचं, त्यानं मागे वळून बघितलं की चालायचं. पहिले चार दिवस फाटकापर्यंत जायला वीस मिनिटं लागतील. लागू देत.

दुसरी तक्रार : ट्रेनरचं ऐकतो, घरी ऐकत नाही. यात मी त्या ट्रेनरला सगळा दोष देणार नाही. कुत्रं 'बस' हा शब्द आपल्यासारखा शिकत नाही. ते एक अख्खं चित्र शिकतं : ते मैदान, तो माणूस, त्याची उभं राहायची पद्धत, त्या माणसाच्या खिशाचा वास. घरी करून बघा. खुर्चीत बसून 'बस' म्हणा. पाठ करून म्हणा. जमिनीवर आडवं पडून म्हणा. मी पैज लावते, यांतल्या निदान दोन वेळा टायसन गोंधळेल. तो हट्ट नसतो, त्याला प्रश्नच नवा वाटतो. त्यामुळे २१ दिवसांचं शिक्षण घरी आणताना मालकानं पुन्हा पहिलीपासून सगळं घोटून घ्यावं लागतं, आधी घरात, मग अंगणात, मग गोठ्याशेजारी, मग रस्त्यावर. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढी त्यांची चूक.

वयाचाही वाटा आहे. २०२० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी वयात येणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांची कुत्री सांभाळणाऱ्या माणसाच्या 'बस'ला पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी दाद देत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. दहावीतल्या मुलाच्या आईला यात नवल वाटणार नाही. रॉटवायलर तर सावकाश पिकतो. दोन-अडीच वर्षांपर्यंत शरीर बापाचं आणि डोकं पोराचं असतं.

हुकूम देताना एक नियम पाळा : एकदाच. "बस. बस. टायसन, बस! अरे बस ना!" असं केलं की त्याच्या लेखी हुकूम चौथ्या वेळी सुरू होतो. एकदा म्हणा, पाच सेकंद गप्प उभे राहा. बसला तर पगार लगेच. नाही बसला तर खाऊ खिशात, तोंड फिरवा, चार पावलं चाला, आणि मग सोप्या जागी पुन्हा विचारा. रागावायचं नाही, पण संधी गेली ती गेली. हट्टी कुत्र्याला ओरडण्यापेक्षा हे जास्त लागतं.

पगार म्हटलं, तर पगार काय देताय तेही बघा. बिस्किटावर ग्राउंड सोडून येणारा रॉटवायलर मी पाहिलेला नाही. उकडलेली कलेजी, नखाएवढे तुकडे. कोंबडीची मान नको, चघळत बसतो. घरात मांसाहार चालत नसेल तर पनीर. माझा एक लांडगेवजा जर्मन शेफर्ड विद्यार्थी फक्त सुकटीवर काम करायचा, त्याच्या मालकाच्या जाकिटाजवळ बसमध्ये कुणी उभं राहत नसे. आणि रोजचं जेवण भांड्यात ओतून देण्याऐवजी निम्मं हातानं, कामाच्या बदल्यात द्या. भरल्या पोटी कोण नोकरी करतो?

आता तिसरी तक्रार, हाकेला न येणं. यावर जरा थांबते, कारण तुमच्या स्पर्धेचा पाया हाच आहे.

तुम्ही लिहिलंय, "रोज संध्याकाळी अर्धा तास मोकळा सोडतो, मग घरी न्यायला बोलावलं की येत नाही." वाक्य पुन्हा वाचा. टायसनच्या बाजूनं हिशेब असा : हाक आली म्हणजे मजा संपली, पट्टा लागला, घर. रोज, न चुकता. तुम्ही स्वतःच त्याला शिकवलंय की 'ये' म्हणजे 'संपलं'. तो उत्तम शिकला आहे. शिवाय तो दहा फुटांवर राहतो, तुम्ही पुढे गेलात की मागे सरतो, म्हणजे तुम्ही त्याच्याशी पकडापकडीही खेळता. दोन्हीकडून त्याचा फायदा.

म्हणून 'ये' हा शब्द टाकून द्या, तो नासला आहे. शिट्टी घ्या, किंवा घरात कुणी दुसऱ्या कशाला वापरत नाही असा शब्द. पहिला आठवडा फक्त घरात : शिट्टी, कलेजी. शिट्टी, कलेजी. तो तुमच्या शेजारीच उभा असताना. दिवसाला पंधरा-वीस वेळा, दोन-तीन वेळांत वाटून. येण्याचा प्रश्नच नाही, नुसती गाठ बांधायची.

दुसऱ्या आठवड्यापासून अंगणात, दहा मीटर दोरीवर. तुमच्याकडे कासरा असेलच, पण तो जड आणि खरखरीत असतो. तंबूवाल्यांकडे मिळणारी नायलॉनची चपटी पट्टी बरी. ती गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका, छातीपट्ट्याला, म्हणजे हार्नेसला लावा, नाहीतर पळत सुटून टोकाला आल्यावर मान हिसडेल. हातात कामाचे मोजे घाला. हे मी आरामखुर्चीतून सांगत नाही, माझ्या उजव्या तळहातावर दोरीनं कापल्याची खूण आहे. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच.

आता हिशेब उलटा करायचा. अर्ध्या तासात दहा वेळा बोलवा. नऊ वेळा आला की कलेजी द्या आणि लगेच "जा!" म्हणून परत सोडा. दहाव्या वेळी पट्टा लावा, पण घरी जाण्याआधी दोन मिनिटं खेळा. तो हुंगत असेल आणि शिट्टीवर आला तर बक्षीस म्हणून त्याच जागी परत हुंगायला पाठवा. हे फार कामाचं आहे. ज्या गोष्टीकडे त्याची ओढ आहे तीच तुमच्या हातून मिळायला लागली, की तुम्ही त्याच्या मजेच्या आड येणारे उरत नाही. आमच्या आज्यांना हे ठाऊक होतं : आधी भाजी संपव, मग लाडू. मानसशास्त्रात याला प्रेमॅकचं तत्त्व म्हणतात.

शिट्टीवर नाही आला तर? दोरी ओढत त्याला मासळीसारखा आणायचा नाही. दोरी हळू घट्ट करा, त्याला पुढे जाता येणार नाही एवढीच, आणि तुम्ही उलट दिशेला धावा. रॉटवायलरला पळणारी वस्तू सहन होत नाही, मागे येतो. आला की पगार. दोरी निदान आठ ते दहा आठवडे राहू द्या. लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिसऱ्या आठवड्यात "आता येतो हो" म्हणून दोरी काढणं. मग एक दिवस उसातून बगळ्यांचा थवा उठतो आणि तीन आठवडे पाण्यात.

उसावरून आठवलं. तुमच्या भागात बिबट्यांचा वावर आहे. तिन्हीसांजेला उसाच्या कडेला कुत्रं मोकळं सोडू नका, कितीही दांडगं असलं तरी. सराव सकाळी ठेवा. तसंही काळ्या अंगाच्या कुत्र्याला फेब्रुवारीनंतर सकाळी साडेसहा-सातनंतर काम देऊ नये. डांबरावर पालथा हात पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

चौथी तक्रार माझ्या दृष्टीनं तक्रार नाहीच, ती लॉटरी आहे. चेंडू सोडत नाही! खेळात काहीच रस नसलेल्या कुत्र्याला ओढ शिकवणं महिनोन्‌महिने चालतं. तुमच्याकडे ती तयार आहे, फक्त तिला 'सोड' जोडायचंय.

तुम्ही सध्या काय करता ते ओळखते : जबड्यात बोटं घालून काढता, किंवा ओढता. दोन्ही त्याला खेळच वाटतात. चेंडू बाजूला ठेवा आणि गोणपाट घ्या. धुतलेल्या पोत्याची घट्ट गुंडाळी, हातभर लांब, दोन्ही टोकांना धरायला फास. त्याला चावू द्या, वीस सेकंद जोरात ओढाओढ, त्याला मधूनमधून जिंकू द्या. मग एकाएकी गुंडाळी आपल्या गुडघ्याला टेकवून घट्ट धरा आणि मेल्यासारखे उभे राहा. हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. तो ओढेल, गुरगुरेल (हे खेळातलं गुरगुरणं, वरचं नव्हे), आणखी जोरात झटके देईल. पहिल्या दिवशी हा प्रकार दोन मिनिटंही चालू शकतो. इथे तुमची कसोटी आहे, कारण तो सोडण्याच्या अगदी आधी सगळ्यात जास्त जोर लावतो. तेव्हा तुम्ही हललात तर तो शिकतो की जोर वाढवला की वस्तू जिवंत होते. नाही हललात तर कंटाळून तोंड उघडतो. त्याच क्षणी, पापणी लवायच्या आत, "शाब्बास!" आणि गुंडाळी पुन्हा जिवंत, पुन्हा चाव, पुन्हा ओढाओढ.

तीन-चार दिवसांत त्याला गंमत कळते : सोडलं की खेळ संपत नाही, सोडलं की खेळ सुरू होतो. मग गुंडाळी स्थिर करण्याच्या जरा आधी 'सोड' म्हणायला लागा. एका वेळेला तीन मिनिटं, त्यात सात-आठ सुटका, बास. शेवटी त्याच्याकडे गुंडाळी असतानाच खेळ थांबवायचा आणि कलेजी दाखवून बदली करायची. गुंडाळी तुमची, कपाटात, खेळायच्या वेळीच बाहेर.

पुढे यातच शिस्त मिसळते. सोड, मग बस, मग चाव. सोड, मग आडवा हो, पाच सेकंद, मग चाव. चेकाळलेल्या कुत्र्याला क्षणात थंड होता येणं आणि परत पेटता येणं हीच या खेळाची खरी विद्या आहे. आयजीपीतल्या संरक्षणाच्या भागात बाही चावलेल्या कुत्र्यानं हेल्पर (म्हणजे जाड बाही घालून हल्लेखोराचं काम करणारा माणूस) स्थिर झाल्यावर एका हुकुमात सोडायचं असतं, आणि जबर कुत्री नेमकी तिथेच अडकतात. आज गोणपाटावर जे नीट बसतं ते तिथे टिकतं.

मध्येच काही जण तुम्हाला सांगतील, त्याला उलथा पाडा, छातीवर गुडघा ठेवा, म्हणजे मालक कोण ते कळेल. कळपाचा म्होरक्या, अल्फा वगैरे. ही कल्पना मुळात कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्यामुळे ती घरोघर पोचली, आणि त्यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, त्यात म्होरकेपणासाठी मारामाऱ्या होत नाहीत. तुम्ही टायसनला उलथा पाडायला गेलात तर वडिलांवर जे गुरगुरणं झालं ते तुमच्या तोंडाजवळ होईल.

काट्याचा पट्टा आणि शॉक कॉलर यांबद्दलही तुम्ही विचारलंय. चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, मी स्वतः पहिली काही वर्षं वापरली, लपवत नाही. जगातल्या मोठ्या स्पर्धकांतही सरावात अशी साधनं वापरणारे आहेत, पण स्पर्धेच्या मैदानावर काट्याचा पट्टा चालत नाही, मग तिथे काय करणार? आणि तुमच्या कुत्र्याबाबत माझं मत पक्कं आहे : जो दाबाला उलटा भिडतो आणि आधीच एकदा माणसावर गुरगुरला आहे, त्याच्या मानेला टोचलं तर त्या टोचण्याचा संबंध तो समोर जे दिसेल त्याच्याशी लावेल, मग ते तुमचे वडील असोत की शेजारचं पोर. साधा रुंद पट्टा, छातीपट्टा, लांब दोरी. एवढं पुरतं.

स्पर्धेचं काय? काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. कागदपत्रं आहेत का, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, ते बघा आणि तिथल्या ओबिडियन्सच्या अटी आधी विचारून घ्या. दिवाळीत फटाक्यांना तो कसा वागतो? आयजीपीच्या आज्ञापालनात पिस्तुलाचे बार होतात, बिचकणारा कुत्रा तिथे बाद होतो. आयजीपीच्या आधी बीएच ही परीक्षा द्यावी लागते : पट्ट्यासह आणि पट्ट्याशिवाय पायाला लागून चालणं, चालताना बसणं, आडवा करून लांब जाऊन बोलावणं, दुसरं कुत्रं काम करत असताना गप्प पडून राहणं, आणि रस्त्यावर माणसं, सायकली, गाड्यांमध्ये शांत राहणं. मैदानावरच्या भागाला ६० गुण, त्यांतले ७० टक्के लागतात. आत खाऊही नाही, खेळणंही नाही. म्हणून पाया पक्का झाल्यावर पगार हळूहळू लांबवायचा : आधी एका कामाला एक, मग दोन कामांना एक, मग कधी पाच, कधी एक. आणि शेवटी गोणपाटाची गुंडाळी मैदानाबाहेर पिशवीत, काम संपल्यावर दोघांनी धावत तिच्याकडे जायचं. टायसनला पिशवी कुठे आहे ते ठाऊक असलं पाहिजे, बास.

एक मात्र ठणकावून सांगते. तुमच्या आसपास कुणी 'अटॅक ट्रेनिंग' देतो म्हणेल, पोतं गुंडाळलेल्या हातावर कुत्रं सोडेल, व्हिडिओ काढेल. शिट्टी आणि 'सोड' दगडासारखे पक्के होईपर्यंत, आणि संरक्षणाचं काम खरोखर शिकलेला हेल्पर मिळेपर्यंत, तिकडे फिरकू नका. चावायला चिडवून शिकवलेला रॉटवायलर परत आणायला माझ्याकडे दर वर्षी एक-दोन जण येतात, आणि दरवेळी माझ्या हातात देण्यासारखं चांगलं उत्तर नसतं.

तर क्रम असा लावा. या आठवड्यात एक्स-रे, आणि घरच्या सगळ्यांना कंबरेला हात न लावण्याची ताकीद. सोबत घरात शिट्टी-कलेजी. पुढच्या आठवड्यापासून दोरीवर हाका आणि गोणपाटाचा खेळ, दिवसाला तीन छोट्या वेळा, प्रत्येकी पाच-सात मिनिटं. बसणं-आडवं होणं याच्या कवायती पंधरा दिवस पूर्ण बंद ठेवा, त्या शब्दांवरचा राग दोघांच्याही मनातून उतरू दे. मग 'बस' नव्यानं, हात न लावता : कलेजी नाकासमोरून वर-मागे न्यायची, डोकं वर गेलं की बूड आपोआप खाली जातं. वडील खेळायला तयार असतील तर त्यांनीही हेच करावं, पण पहिले दोन आठवडे फक्त उभ्या टायसनला कलेजी टाकायची, काहीही न मागता.

सहाव्या आठवड्यात बाजूनं काढलेला व्हिडिओ टाका : एकदा बसताना, एकदा धावताना, एकदा सोडताना. समोरून काढू नका, मागचे पाय दिसत नाहीत. आणि गुंडाळी शिवायला काथ्या वापरू नका, त्याचे तंतू दातांत अडकून पोटात जातात. जाड सुती दोरा घ्या, आणि टोकं सुटायला लागली की ती गुंडाळी टाकून नवी करा.